‘आमच्या वेळी पोरं अशी मरत नव्हती’ : खरंच का?

गेल्या महिन्यात ब्लडप्रेशर दाखवायला आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी मोबाईल माझ्यासमोर धरला. कुठल्याशा शाळेच्या मैदानावर एक मुलगा धावता धावता कोसळतो, असा तो व्हिडिओ होता.

“डॉक्टर, आठवड्याला असे दोन-तीन येतात बघा. आमच्या वेळी पोरं अशी मरत नव्हती. हे बाहेरचं खाणं, हे मोबाईल...”

दंडाचा पट्टा सोडत मी विचारलं, “गुरुजी, तुम्ही भावंडं किती?”

“पाच.”

“पाच जन्मली, की पाच राहिली?”

गुरुजी थांबले. बोटांवर मोजू लागले. “जन्मली नऊ. तिघं तान्ही असतानाच गेली. आणि आमची अक्का. पंधरा वर्षांची होती, लग्न ठरलं होतं. मुदतीचा ताप आला आणि एकविसाव्या दिवशी गेली.”

‘आमच्या वेळी पोरं अशी मरत नव्हती’ हे वाक्य दवाखान्यात मी नेहमी ऐकतो. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण आठवण आणि मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज त्या मोजणीविषयी लिहितो. तेरा ते एकोणीस या वयातली मुलं पूर्वी जास्त मरत होती की आज, हे ठरवायचं कसं आणि ते ठरवल्यावर आपल्या हाती काय लागतं?

अंश आणि छेद

गुरुजी गणित शिकवायचे, त्यामुळे त्यांना समजावणं सोपं गेलं. किती मुलं दगावली हा अपूर्णांकातला फक्त अंश. त्या वयाची एकूण मुलं किती होती हा छेद. छेद नसेल तर अंशाला अर्थ नाही. दोनशे मुलांच्या गावात दोन मृत्यू आणि वीस हजार मुलांच्या शहरात दहा मृत्यू, यांत मोठा आकडा शहराचा असला तरी वीसपट धोका गावातल्या मुलाला आहे.

म्हणून मृत्युदर नेहमी ‘दर वर्षी, त्याच वयाच्या दर हजार माणसांमागे’ असा सांगतात. वय महत्त्वाचं, कारण माणसाचा धोका वयाप्रमाणे बदलतो. जन्मानंतरचं पहिलं वर्ष सर्वांत नाजूक. मग धोका उतरत जातो आणि दहा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत कमी होतो. पंधरानंतर तो पुन्हा चढू लागतो. आकडेवारीत १० ते १४ आणि १५ ते १९ असे दोन गट वेगळे ठेवतात ते यासाठीच. सहावीतलं पोर आणि बाईक चालवणारा बारावीतला मुलगा, दोघांनाही आपण ‘मुलं’च म्हणतो, पण त्यांचे धोके वेगळे असतात.

धूमकेतूवाला हॅले

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू दिसावा म्हणून पहाटे गच्चीवर कुडकुडत उभे राहिलेले माझ्या वयाचे अनेक जण असतील. ज्याच्या नावाचा तो धूमकेतू, त्या एडमंड हॅले यांनीच १६९३ साली माणसांच्या आयुष्याचं एक कोष्टक प्रसिद्ध केलं होतं. ब्रेस्लाऊ नावाच्या शहरातल्या (आता हे शहर पोलंडमध्ये आहे) एका धर्मगुरूंनी जन्म-मृत्यूच्या नोंदी वयासकट नीट ठेवल्या होत्या. त्या हॅलेंच्या हाती आल्या.

त्या कोष्टकात दहाव्या वर्षी ६६१ मुलं जिवंत आहेत आणि विसाव्या वर्षी ५९८. म्हणजे दहा वर्षांत ६६१ पैकी ६३ गेली. हजाराच्या भाषेत सांगायचं तर दहा वर्षांच्या १००० मुलांपैकी सुमारे ९५ मुलं विसावं वर्ष पाहू शकली नाहीत. हे कोणत्या साथीच्या किंवा युद्धाच्या वर्षाचं कोष्टक नव्हतं. एका बऱ्यापैकी शहराच्या साध्या पाच वर्षांच्या नोंदी होत्या.

हॅलेंची एक अडचण होती. शहरात एकूण माणसं किती, याची मोजणी त्यांच्याकडे नव्हती. जन्म आणि मृत्यू जवळपास सारखे आहेत, तेव्हा लोकसंख्या स्थिर असणार, असं धरून त्यांनी छेद अंदाजाने बसवला. खरा छेद मिळण्यासाठी जनगणना लागते आणि खरा अंश मिळण्यासाठी प्रत्येक मृत्यूची नोंद. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. दोन वर्षांनी विल्यम फार हे डॉक्टर त्या कचेरीत आले. मृत्यूचं कारण काय लिहायचं, रोगांची नावं कशी ठरवायची आणि वयानुसार दर कसे काढायचे, याची घडी त्यांनी बसवली.

त्या काळी इंग्लंडमध्ये १५ ते १९ वयातला मृत्युदर हजारी ७ च्या आसपास होता. त्यात क्षयाचा, म्हणजे टीबीचा वाटा सर्वांत मोठा होता. आज तिथे याच वयात वर्षाकाठी सुमारे चार हजारांत एक मृत्यू होतो. टीबीचे मृत्यू तर स्ट्रेप्टोमायसिन सापडण्याच्या कितीतरी आधीपासूनच घटू लागले होते. आम्हा डॉक्टरांना थोडं नम्र करणारी ही गोष्ट आहे.

आपल्याकडची वही

आता आपल्या देशात येऊ. देशभर एकाच वेळी जनगणना १८८१ पासून होऊ लागली. मृत्यूच्या नोंदी मात्र कच्च्या होत्या. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत त्या गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे असत. कारणांचे रकाने मोजकेच : कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि इतर. यांतला ‘ताप’ हा रकाना सर्वांत फुगलेला असे. मलेरिया, टायफॉइड, टीबी, बाळंतपणानंतरचा ताप, सगळं त्यातच. गुरुजींची अक्का आणखी पन्नास वर्षं आधी गेली असती, तर तिची नोंद ‘ताप’ एवढीच झाली असती.

दुसरा घोळ वयाचा. “मुलगा केवढा?” “असेल विशीचा.” जन्मतारीख ठाऊक नसे. मोठ्या दुष्काळात जन्मला, प्लेगच्या साली जन्मला, अशी खूण सांगत. त्यामुळे जुन्या जनगणनांत २० आणि २५ या वयांची माणसं भरपूर आणि १९ किंवा २१ ची अगदी थोडी दिसतात. अठरा-एकोणीसची मुलं विशीत ढकलली गेली की १५ ते १९ गटाचा छेदच बिघडतो. म्हणून त्या काळचा आमच्या जिल्ह्याचा अमुक दर, असा नेमका आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला, तर तो कसा काढला हे आधी विचारावं.

पण ढोबळ चित्राबद्दल शंका नाही. १९११ ते १९२१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम २० वर्षं होतं. म्हणजे सगळे विशीतच मरत होते असं नव्हे. तान्ही बाळं खूप जात, म्हणून सरासरी खाली येई. पण त्यातून वाचलेल्या कुमारवयीनांनाही सुटका नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने भारतात एक कोटीहून जास्त माणसं नेली, त्यात मुंबई इलाख्यातली दहा लाखांहून अधिक. कोविडने म्हाताऱ्यांना गाठलं. त्या साथीने मात्र धडधाकट तरुणांना जास्त गाठलं. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ साली २५.२१ कोटी होती, ती १९२१ साली २५.१३ कोटी भरली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली, असं आपल्या जनगणनेच्या इतिहासात एकदाच झालं.

मुलींचं दुखणं तर वेगळंच होतं. डॉ. आनंदीबाई जोशी सर्वांना ठाऊक आहेत. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली पदवी घेऊन आल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पूर्ण होण्याआधी, क्षयाने गेल्या. एका व्यक्तीवरून दर काढता येत नाही, हे खरं. पण कोवळ्या वयातलं बाळंतपण आणि क्षय ही त्या काळच्या तरुण मुलींच्या मृत्यूची दोन मोठी कारणं एकाच आयुष्यात दिसतात. मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ करणारा शारदा कायदा १९२९ चा आणि ते १८ करणारी दुरुस्ती १९७८ ची. असे कायदे पूर्ण पाळले गेले नाहीत, तरी लग्नाचं वय जसजसं पुढे सरकलं तसतशी कुमारवयीन मुलींच्या मृत्यूंतली बाळंतपणाची कारणं मागे पडली.

मग दर घसरला

स्वातंत्र्यानंतर सरकारने एक चांगली युक्ती केली. सगळ्या देशाची मृत्यूनोंद सुधारायला वेळ लागणार, म्हणून काही गावं आणि शहरी वस्त्या नमुना म्हणून निवडल्या. तिथे एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. एकाकडून सुटलेला मृत्यू दुसऱ्याच्या यादीत सापडतो. ही नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस, १९७० च्या सुमारास देशभर सुरू झाली आणि आजही चालू आहे. अंशही तिथलाच आणि छेदही तिथलाच, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

या पद्धतीनुसार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला १५ ते १९ वयातला दर हजारी २ ते ३ च्या दरम्यान होता. आता तो हजारी १ च्याही खाली आहे आणि १० ते १४ चा त्याहून कमी. हॅलेंच्या हिशेबाने सांगायचं तर आज भारतात दहा वर्षांच्या हजार मुलांपैकी विसाव्या वर्षापर्यंत दहापेक्षा कमी दगावतात. ब्रेस्लाऊमध्ये ९५ दगावत होती.

हे कसं झालं? देवीचा रोग १९७५ नंतर देशात उरला नाही. मलेरियाविरुद्ध १९५३ पासून राष्ट्रीय मोहीम झाली. टायफॉइडवर, टीबीवर औषधं आली. धनुर्वाताची लस, बरं पाणी, पोटभर अन्न, उशिरा लग्न. मी शिकत होतो तेव्हाही मेडिसिनच्या वॉर्डात संधिवातज्वराने हृदयाच्या झडपा खराब झालेली चौदा-पंधरा वर्षांची मुलं धापा टाकत पडलेली असत. आज माझ्या दवाखान्यात असा नवा पेशंट क्वचितच येतो.

मग रोज बातम्या का येतात?

२०११ च्या जनगणनेत भारतात १० ते १९ वयाची मुलं २५ कोटींहून अधिक होती. म्हणजे १९२१ साली या भूभागावर जेवढी एकूण माणसं होती, जवळपास तेवढी आता नुसती कुमारवयीन मुलं आहेत. इतक्या मुलांत दर हजारी अर्धा जरी धरला तरी वर्षाला सव्वा लाख मृत्यू होतात, दिवसाला साडेतीनशेच्या आसपास. त्यांतले दोन-तीन कॅमेऱ्यात येतात आणि गुरुजींच्या मोबाईलवर पोचतात. अक्काचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता. शेजारच्या तालुक्यालाही तिचं जाणं कळलं नसेल.

मैदानावर अचानक कोसळणं खरंच घडतं, पण या वयात ते दुर्मीळ आहे. बऱ्याचदा जन्मजात हृदयदोष, हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार किंवा ठोक्यांच्या विद्युतप्रवाहातला दोष त्यामागे असतो. धावताना चक्कर येऊन पडणं, व्यायाम करताना छातीत दुखणं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर ईसीजी आणि इको करून घ्या. त्यासाठी सगळ्या मुलांना मैदानावरून घरी बसवू नका.

उरलेल्या मृत्यूंकडे बघू

इथे आणखी एक फसगत टाळायला हवी. समजा, एका काळी दहा हजार मुलांत शंभर मृत्यू होत आणि त्यांतले पाच अपघाताचे असत. नंतर एकूण मृत्यू दहावर आले, त्यांत अपघाताचे चार. अपघाताचा वाटा शेकडा ५ वरून शेकडा ४० झाला, तरी अपघात वाढले नाहीत, उलट एक कमी झाला. वाटा वाढला म्हणजे धोका वाढला असं नव्हे. कधी कधी बाकीची कारणं बाजूला झाल्यामुळे जे आधीपासून होतं तेच उघडं पडतं.

आज आपल्याकडे असं काय उघडं पडलं आहे? रस्त्यावरचे अपघात, बुडणं, सर्पदंश आणि आत्महत्या. यांतली बरीच कारणं पोलिसांच्या आणि दवाखान्यांच्या कागदांवर कमी दिसतात. एसआरएसच्या घरांत जाऊन, घरच्यांना मृत्यूआधीची लक्षणं विचारून कारण ठरवणारा एक मोठा अभ्यास या शतकाच्या सुरुवातीपासून झाला. त्यानुसार २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाले. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींपेक्षा हा आकडा कितीतरी पटींनी मोठा होता. बळी जास्त खेड्यांतले, पावसाळ्यातले आणि पुष्कळसे पंधरा ते एकोणतीस वयातले. दवाखान्यात पोचलेच नाहीत, म्हणून मोजलेच गेले नाहीत.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळच्या कणियंबाडी भागातलं. तिथल्या आरोग्यसेविका गावातला प्रत्येक मृत्यू टिपून कारण विचारत. १९९२ ते २००१ या दहा वर्षांत १० ते १९ वयाच्या मुलींत आत्महत्येचा दर लाखामागे १४८ निघाला, मुलांत ५८. त्या काळात सगळ्या वयांसाठी देशाचा सरकारी आकडा लाखामागे १० ते ११ च्या आसपास होता. दक्षिणेतल्या राज्यांत हे प्रमाण मुळात जास्त आहे, त्यामुळे एका तालुक्यावरून सगळ्या देशाचं अनुमान काढू नये. पण तिथल्या कुमारवयीन मुलींच्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक या एका कारणाने होत होते. ताप, पोटदुखी, अपघात अशा नावांखाली हे दुःख किती घरांत झाकलं गेलं असेल, याचा विचार करा.

यावर काही करता येतं का? येतं. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्येचा दर निम्म्याहून खाली आला. माणसांचे प्रश्न तेच राहिले, पण वाईट क्षणी हाताशी असलेलं जहाल विष नाहीसं झालं. तो क्षण टळला की बहुतेक मुलं वाचतात आणि पुढे नीट जगतात. वॉर्डातून वाचून गेलेली अशी मुलं पुढे आपल्या बाळांना घेऊन मला भेटायला आलेली आहेत.

म्हणून घरी एवढं करा. शेतीची औषधं घराबाहेर, कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांकडे असू द्या. लायसन्सशिवाय बाईक नाही आणि हेल्मेटशिवाय कुणालाच नाही, मागे बसणाऱ्यालाही. पोरांना पोहायला शिकवा आणि अनोळखी पाण्यात उतरू देऊ नका. साप चावला तर करकचून बांधणं, कापणं, मांत्रिकाकडे नेणं यांत वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता सरळ सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्या. मुलगा किंवा मुलगी गप्प राहू लागली, झोप उडाली, ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलली, तर रागावू नका, हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. प्रेशर आटोक्यात होतं. उठता उठता म्हणाले, “डॉक्टर, अक्काच्या तापावर तेव्हा औषध होतं का हो?”

त्यांची अक्का १९५३ साली गेली. टायफॉइडवरचं क्लोरॅमफेनिकॉल १९४८ पासूनच वापरात आलं होतं. मी खरं ते सांगितलं. “निघालं होतं, गुरुजी. शहरात मिळतही असेल. तुमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं.”

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे औषध होतं आणि अक्का गेली.”

मी होय म्हणालो. आज हेल्मेट आहे, कुलूप आहे, सर्पविषावरची लस आहे, १४४१६ नंबर आहे. तो नंबर मी एका कागदावर लिहून गुरुजींना दिला. त्यांची नात यंदा बारावीला आहे.